वसंताआधी बाग कशी राखावी? (गोव्याच्या मातीपुरतं बोलू)

माडाखालची (डिचोली)

नमस्कार मंडळी. संक्रांत झाली, परसातल्या मानकुराद आंब्याला मोहोर धरलाय, पहाटे विहिरीवर जाताना अजून शाल लागते. शिगमो येईपर्यंतचे हे दिवस बागेसाठी फार मोलाचे असतात, म्हणून धागा काढतेय.

आधी गेल्या वर्षीची चूक सांगते. 'वसंतासाठी बाग सज्ज करा' अशी एक यादी वाचनात आली होती. झुडपं निम्म्यावर छाटा, वाफ्यांवरचा पाचोळा झाडून काढा, माती उघडी करा, तिला ऊन लागू द्या, असं तिच्यात होतं. मी सगळं मन लावून केलं. पाचोळ्याचे सात ढीग झाले, ते पेटवले. वाफे अंगणासारखे लखलखीत केले. मार्चच्या मध्याला त्या वाफ्यांवर अनवाणी पाय ठेवता येईना. सासूबाईंच्या हातची जाई होती, तीस वर्षांची. रोज दोन कळशा पाणी घालूनही ती गेली. आणि आकार यावा म्हणून आंब्याच्या ज्या फांद्या उतरवल्या, त्यांच्याच शेंड्यांना मोहोर होता.

ती यादी बर्फ पडणाऱ्या मुलखातली होती. तिथे माती गोठते, म्हणून तिला ऊन दाखवायचं. झाडं थंडीत निजतात, म्हणून ती उठायच्या आत छाटायची. आपल्याकडे झाडांची परीक्षा थंडीत होत नाही, ती होते चैत्र-वैशाखात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढे मे अखेरपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं. त्यात आपली जांभ्याची तांबडी माती. पाणी घातलं की खाली पळतं, धरून ठेवत नाही.

म्हणून यंदा मी कातर बाजूला ठेवून आधी पाण्याचा हिशेब मांडला. विहीर मेपर्यंत किती साथ देईल, त्यातलं कुणाला द्यायचं, आणि कुणाला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं. आंबा आणि बोगनवेल तहानलेली. मोगरा थोडे दिवस तहानलेला, मग भरपूर. माड, पोफळ, केळ, जास्वंद, अबोली यांना खंड नाही.

दुसरं काम वाफ्यांचं. पावसात मुळं कुजू नयेत म्हणून आपण गादीवाफे उंच करतो. तेच उंच वाफे आता ठेवले तर चारी बाजूंनी सुकतात. मी ते मोडून चार-पाच बोटं खोल केले, कडेला चिरे लावले, आत शेणखत मिसळलं आणि वर वीतभर पाचोळा. आंब्या-फणसाचं पान लवकर कुजत नाही, त्यामुळे आच्छादनाला ते उत्तम. मध्ये मध्ये गिरिपुष्पाचा ओला पाला घालते, तो लगेच कुजतो आणि नत्र देतो. वाफ्यात तांबडी भाजी, मुळा आणि नवलकोल आहे. नवलकोल निघाला की तिथे भेंडी आणि काकडी लावीन.

झुडपांचं म्हणाल तर मोगऱ्याचं पाणी गेले पंधरा दिवस बंद आहे. या आठवड्यात तो गुडघ्याएवढा छाटणार, उरलेली जुनी पानं ओरबाडणार, मग शेणखत घालून पाणी सुरू. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे तिथे हात आखडायचा नाही. जास्वंदीचा फार तर तिसरा हिस्सा कापते. बोगनवेलीला आत्ता हात लावत नाही, तिचा बहर आहे. पिटकुळीची (एक्झोराची) मरगळलेली फुलं तेवढी काढते. चाफा पानं गाळून नुसता काठ्या होऊन उभा आहे, तो मेलेला नाही, कुणी उपटू नका. त्याची हातभर फांदी आता कापून चार-सहा दिवस सावलीत ठेवली, चीक सुकू दिला आणि मग लावली तर हमखास जगते.

तुमच्याकडे कसं करतात? कुळागरवाल्यांनी (पोफळी-माडांच्या बागा असलेल्यांनी) जरूर लिहावं. माझे पाचच माड आहेत, तेवढ्यावरचं माझं ज्ञान.

कुळागरकार (सावईवेरे)

ताई, धागा वेळेवर काढलात. पाण्याचा हिशेब आधी, हे शंभर टक्के पटलं. आमच्याकडे पोफळीखाली मिरी, केळी, जायफळ, अननस असा सगळा संसार आहे. झरीचं पाणी पाटाने येतं. पाट साफ करणं हेच आमचं माघातलं पहिलं काम. पाटात पान अडकलं की खालच्या अंगाची झाडं दोन दिवस कोरडी राहतात, आणि पोफळीला दोन दिवसही जाणवतात.

पोफळीचं एक सांगतो, कारण नवीन लागवड करणारे इथेच फसतात. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारनंतरचं ऊन बागेच्या कडेने तिरपं आत शिरतं आणि नैऋत्येकडच्या रांगेतल्या खोडांवर थेट बसतं. खोड आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, आणि पुढे दोन-तीन वर्षांनी वाऱ्यात नेमकं तिथेच मोडतं. त्या रांगेच्या खोडांना पोफळीच्याच झावळ्या बांधा, नाहीतर चुना लावा. आमच्या वडिलांनी त्या अंगाला केळीची दाट ओळ धरली होती, तो सगळ्यात चांगला उपाय.

आता माड. माडाची कामाची मुळं बहुतेक बुंध्यापासून सहा फुटांच्या आत असतात. म्हणून आळंही तेवढंच रुंद हवं. बुंध्याला चिकटून बादली ओतली तर उपयोग थोडा. आळ्यात सोडणं (नारळाची जाड सालं) घालायची तर नीट घाला. वरवर आच्छादन म्हणून पसरायची असतील तर पालथी, पाठ वर. चर खणून पुरायची असतील तर उताणी, म्हणजे वाटीसारखं पाणी धरतात. पुरलेली सोडणं पाच-सहा वर्षं काम देतात. वर चुडतं (माडाच्या झावळ्या) कापून अंथरा.

माडाखालची (डिचोली)

बाब, सोडणं उताणी की पालथी यावरून आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. दोन्ही बरोबर होती तर! आज चहाला हे वाचून दाखवलं.

एक विचारते. आमच्या शेजारी माडाच्या आळ्यात दरवर्षी जाडं मीठ घालतात. घालावं का?

कुळागरकार (सावईवेरे)

माडाला क्लोरीन लागतं, त्यामुळे जुन्या लोकांची ती रीत बिनबुडाची नाही. पण तुम्ही म्युरेट ऑफ पोटॅश हे खत देत असाल तर त्यात क्लोरीन येतंच, वेगळं मीठ नको. आणि त्याच आळ्यात खाली मिरी किंवा भाजी असेल तर मीठ अजिबात नको, त्यांना ते सोसत नाही. समुद्राजवळच्या ज्या विहिरी एप्रिलात मचूळ होतात, तिथे तर पाण्यातूनच मीठ येतं.

खत मात्र आता भर उन्हाच्या तोंडावर टाकू नका. पावसाचा जोर ओसरला की तेव्हाच ते द्यायचं. आत्ता शेंड्यावर नजर ठेवा. नव्या पात्यावर कातरीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले तर गेंड्या भुंगा येऊन गेला. आणि खोडाला भोकं पडून त्यातून तपकिरी चीक येत असेल तर सोंड्या. तो जास्त वाईट, त्याला उशीर चालत नाही.

गच्चीवरची अबोली (पणजी)

ताई, तुमच्यासारखं परस नाही, पश्चिमेची गच्ची आहे आणि अठरा कुंड्या. अबोली सहा कुंड्यांत. दरवर्षी मार्चपर्यंत छान फुलते आणि मग एकेक झाड पिवळं पडून खुरटतं. पाणी कमी नाही, खतही घालते. आईसाठी मी ही अबोली जपते. तिला आता बाजारात जाववत नाही आणि घरचाच वळेसर माळायचा असतो. काही सुचवाल का?

माडाखालची (डिचोली)

एक झाड हलक्या हाताने उपटून मुळं धुऊन बघ. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी. अबोलीवर ते फार येतात. तसं असेल तर ती माती पुन्हा कुठल्याच कुंडीत वापरू नकोस. नवी माती, निंबोळी पेंड मूठभर, आणि बाजूला झेंडू. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात, हे मी माझ्या वाफ्यात पाहिलंय. निरोगी झाडाच्या फांद्या घेऊन आत्ताच नवी रोपं कर.

गाठी नसतील तर दोष उन्हाचा. अबोलीला कोवळं ऊन पुरतं, पश्चिमेच्या गच्चीची दुपार तिला सोसत नाही. फरशी तापली की कुंडीच्या तळातली मुळं भाजतात. कुंड्या थेट फरशीवर ठेवू नकोस, खाली सोडणं रच. सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून ठेव, मोठ्या बाहेरून, अबोली आत. आणि फुलं येऊन गेलेली कणसं खुडत राहा, बी धरू देऊ नकोस, म्हणजे नवी कणसं येत राहतात.

चिरेबंदी (म्हापसा)

मी थोडी विरोधात बोलणार आहे, राग मानू नका. पाचोळा ठेवा म्हणणं सोपं आहे. आमच्या परसात दोन वर्षांपूर्वी पाचोळ्यात फुरसं निघालं, घरात लहान मूल. शिवाय वाळवी. लिंबाच्या खोडाला तळापासून मातीचा लेप चढला. तेव्हापासून मी रोज झाडते आणि संध्याकाळी पेटवते. शेजाऱ्यांना धुराचा त्रास होतो हे कळतं, पण दुसरा मार्ग काय?

माडाखालची (डिचोली)

राग कसला, तुमची भीती खरी आहे. जांभ्याच्या भागात फुरसं असतंच, आणि घोणसही पाचोळ्यात पटकन दिसत नाही. लहान मूल असलेल्या घराभोवती दहा-बारा पावलं जमीन स्वच्छच हवी. मीही तशीच ठेवते. पण झाडलेला पाचोळा पेटवण्याऐवजी कुंपणाकडच्या आळ्यांत नेऊन टाका. तिथे हात घालण्याआधी काठीने हलवायचं, पायात बूट घालायचे, ही सवय मुलांनाही लावा.

वाळवीचं कारण बहुधा पाचोळा खोडाला टेकलेला होता. खोडाभोवती हातभर जागा मोकळी ठेवायची, आच्छादन बांगडीसारखं गोल. आणि वाळवी कोरड्या, मेलेल्या पाचोळ्यावर जास्त येते. आठवड्यातून एकदा त्यावर शेणकाल्याचं पाणी शिंपडलं की तो कुजायला लागतो.

जाळू नका असं मी म्हणते, ते माझ्या सात ढिगांमुळे. सबंध वर्षाचं खत मी एका संध्याकाळी धूर करून टाकलं होतं.

काजूराईतला (पेडणे)

चिरेबंदीताई, जाळण्यावर मलाही बोलायचंय. आमची काजूची राई डोंगर उतारावर आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या अभयारण्यात आणि इतरत्रही आगी लागल्या, तो महिना आम्ही रात्रीचे जागून काढलाय. आमच्या डोंगरावरही आग आली होती. ती खालच्या कुणाच्या तरी परसातल्या ढिगातून चढली. वारा दुपारी समुद्राकडून सुटतो आणि उताराने आग वर धावते. चाळीस-एक झाडं होरपळली. कलमं होती, बाळ्ळी-२ जातीची, पहिलाच भरघोस बहर होता. त्यातली अर्धी पुन्हा फुटली, अर्धी नाही.

त्यामुळे राईतली वसंताची तयारी म्हणजे हद्दीवर दोन-अडीच मीटर रुंद पट्टा खरवडून मोकळा करणं. बोंडू गळायच्या आत झाडाखालचं गवत कापतो, म्हणजे बिया वेचता येतात, आणि ते गवत झाडाच्या चढाच्या बाजूला अर्धचंद्र करून लावतो.

सध्या मोहोरावर ढेकण्या आहे. कोवळा शेंडा काळा पडून वाळला की तोच. ज्या झाडांवर हुमल्यांची (तांबड्या मुंग्यांची) घरटी आहेत, तिथे तो कमी दिसतो, म्हणून आम्ही ती घरटी काढत नाही. चावतात, पण राखणही करतात. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला तर मात्र थांबू नका, खोडकिडा असतो. साल खरवडून अळी काढायची आणि जखमेला बोर्डो पेस्ट लावायची. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, आणि भांडं लोखंडाचं नको.

चिरेबंदी (म्हापसा)

काजूराईतला, वाचून गप्प झाले. आमच्या मागेही डोंगरच आहे. आजपासून पेटवत नाही. कुंपणाला लागून फणस आहे, त्याच्या आळ्यात टाकीन.

घाटावरचा (पुणे, मूळ काणकोण)

मी गावात नाही, पण आईसाठी विचारतो. घराच्या मागे एक भिरंड (कोकम) आहे, बारा-तेरा वर्षांची. भरपूर फुलते, फळ एकही नाही. आई म्हणते यंदा तोडून टाकूया आणि नारळ लावूया. तोडू का? छाटली तर फळ धरेल का?

कुळागरकार (सावईवेरे)

छाटून फळ धरणार नाही. बहुतेक तो नर असावा. भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासून वाढवलेली निम्मी-शिम्मी नर निघतात. फूल उघडून बघायला सांगा. मध्यभागी नुसते पुंकेसर असतील आणि फळाची बारीक गोटी नसेल तर नर.

पण म्हणून तोडू नका. जवळपासच्या माद्यांना परागासाठी नर हवाच. आणि फळच हवं असेल तर त्याला मादीच्या डोळ्याचं कलम बांधून घेता येतं. जुन्या गोव्यात एला इथे किनारपट्टीच्या शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, त्यांना विचारा. आत्ता ज्या माद्या फळ धरतायत त्यांना मात्र हात लावायचा नाही, फळं मार्च ते मे उतरतात.

काजूराईतला (पेडणे)

आणि तोडायची वेळ आलीच तर गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. स्वतःच्या परसातलं झाड असलं तरी आधी वनखात्याकडून परवानगी घ्यावी लागते. आईंना हे जरूर सांगा, मजूर विचारत नाहीत.

घाटावरचा (पुणे, मूळ काणकोण)

फोन केला. आईने फुलं तोडून आणली, आत गोटी नाही. नरच. तिला सांगितलं, तर म्हणाली, मग शेजारच्या घरी दरवर्षी सोलं होतात ती याच्यामुळे, राहू दे. झाड राहतंय. मनापासून आभार.

गच्चीवरची अबोली (पणजी)

ताई, मुळं धुतली. गाठी आहेत, चार कुंड्यांत. दोन स्वच्छ निघाल्या. त्यांच्या फांद्या लावल्या, नऊ. झेंडूही आणला.

सांजवात (वाळपई)

मी फक्त वाचत होते. आंब्यावर एक राहिलं म्हणून लिहिते. आमच्या जुन्या मुसरादवर बांडगूळ चढलंय. लांबून बघितलं तर आंब्याचीच वेगळी फांदी वाटते. त्याची फळं फुलटोच्या पक्षी खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसतो, की तिथे नवं उगवतं. नुसतं ओढून काढलं तर पुन्हा फुटतं. फांदी त्याच्या खाली फूटभर घेऊन कापावी लागते. मोहोर असला तरी एवढी कापणी माघात कराच, त्याची फळं पिकायच्या आत.

आणि माडाखालचीताई, मोहोरावर तुडतुडे किंवा भुरी आली की तुम्ही काय करता? पूर्ण फुललेल्या मोहोरावर मारलं तर माश्याही जातात, आणि आंब्याचं परागीकरण त्याच करतात.

माडाखालची (डिचोली)

बांडगुळाचं मी विसरलेच होते, आजच वर बघते.

मोहोर उमलायच्या आत एकदा निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, साबणाचं पाणी घालून. भुरीची पांढरी पूड दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी गारव्यात. फूल उमललं की काही नाही. तेव्हा मी झाडाखाली उभी राहून नुसती माश्यांची गुणगुण ऐकते. ती कमी झाली की काळजी वाटते.

कुळागरकार (सावईवेरे)

ताई, आंब्याचं पाणी कधी सुरू करणार? आमच्याकडे यावर एकमत होत नाही.

माडाखालची (डिचोली)

फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत थेंबही नाही. मोहोरात पाणी दिलं तर झाड पालवीकडे वळतं. वाटाण्याएवढं झालं की दापोलीच्या विद्यापीठाची हापूससाठी शिफारस आहे तसं, झाडाला १५० ते २०० लिटर, पंधरा दिवसांनी एकदा, असं तीन-चार वेळा. मी मानकुरादलाही तेच लावते. गळ कमी होते. आणि उतरवायच्या आधी पंधरा दिवस बंद.

लहान झाडांसाठी यंदा मडकी पुरलीत. आमच्या डिचोलीच्या कुंभाराकडची, बिनझिलईची. गळ्यापर्यंत मातीत पुरायची, पाणी भरायचं, वर झाकण घालायचं. झाकण हवंच, नाहीतर डास होतात. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं आणि मुळं तिथे येऊन चिकटतात. लिंबाच्या कलमाला एक मडकं चार दिवस पुरतं. तेवढ्याच पाण्यात आधी माझं दीड दिवसही भागत नसे.

माडाखालची (डिचोली)

मंडळी, फाल्गुन लागला म्हणून पुन्हा लिहिते.

वाफ्यात पाचोळ्याखाली हात घातला, दुपारी दोन वाजता माती गार आणि ओलसर होती. गेल्या वर्षी याच सुमारास तिथे पाय ठेवत नव्हता. भेंडी चार पानांवर आली. मोगऱ्याला फूट इतकी आलीय की झुडूप ओळखू येत नाही, कळ्या मोजल्या नाहीत, मोजवणार नाहीत. जाईच्या जुन्या जागी मात्र काही लावलेलं नाही. सांजवात आपल्या जुन्या जाईच्या फांद्या पाठवते म्हणाली आहे, त्या पहिल्या पावसात तिथे लावीन.

मानकुरादवर बांडगूळ होतं, तीन ठिकाणी. काढलं. एका झुपक्यात मोहोर होता, तोही गेला, पण उरलेल्यात फळ धरलंय. आज सकाळी शिडी लावून पाहिलं. सगळं वाटाण्याएवढं झालंय.

विहिरीचा पंप सुरू केलाय. पहिलं पाणी सोडते.